रेव्हरंड रॉबर्ट स्टर्लिंग

स्कॉटलंडातील पर्थशायर प्रांती, मेथ्वेन गावाजवळच्या एका शेतमळ्यावर सन १७९० मध्ये रॉबर्ट स्टर्लिंग यांचा जन्म झाला. त्यांच्या आजोबांनी धान्य मळण्याचे यंत्र केले होते. तीच हातोटी नातवात उतरली. धर्मशिक्षण पुरे करून ते १८१६ साली किल्मार्नक येथील मंडळीचे पाळक झाले, आणि त्याच वर्षी त्यांनी आपल्या उष्ण हवेच्या यंत्राचे पेटंट मागितले.

त्या काळी वाफेचे बॉयलर फुटून कामकरी लोक प्राणास मुकत. स्टर्लिंग यांच्या यंत्रात बॉयलर नव्हताच. होती ती केवळ कोंडलेली हवा.

त्याचे मर्म असे. सारख्या आकाराची दोन बंद भांडी नळीने जोडली, एक २७ अंशांवर ठेवले व दुसरे ३२७ अंशांपर्यंत तापविले, तर दोहोंतील दाब सारखाच होतो. कारण तो कमीजास्त असेतोवर हवा नळीतून वाहत राहते. परंतु हवा मात्र सारखी वाटली जात नाही. उष्णतामान शून्याखालील २७३ अंशांपासून मोजले म्हणजे ते ३०० व ६०० भरते. म्हणून थंड भांड्यात तप्त भांड्याच्या दुप्पट हवा राहते. आता तीच हवा तप्त बाजूस लोटली तर दाब चढतो, थंड बाजूस लोटली तर उतरतो. या चढउतारानेच दट्ट्या हलतो व चाक फिरते. हवेच्या वाटेत स्टर्लिंग यांनी अशीही योजना केली की, जाताना हवेने सोडलेली उष्णता परतताना तिला पुन्हा मिळावी.

१८१८ साली असे एक यंत्र आयरशायरातील दगडखाणीचे पाणी उपसू लागले. १८२४ साली ते गॅल्स्टन येथे पाळक झाले. बंधू जेम्स यांच्या साह्याने सुधारलेले मोठे यंत्र १८४३ साली डंडी येथील ओतशाळेत सुरू झाले. परंतु सदोदित तापणारे लोखंडी भांडे टिकेना. ते वरचेवर निकामी होई. अखेर चारएक वर्षांनी तेथे पुन्हा वाफ आली. कल्पना खरी होती, धातू अपुरा होता. पुढे बेसेमर यांचे पोलाद निघाले, तेव्हा १८७६ साली वृद्ध स्टर्लिंग यांनी त्याचे महत्त्व मोकळ्या मनाने मान्य केले.

६ जून १८७८ रोजी गॅल्स्टन येथेच त्यांचा अंत झाला. त्यांच्या तत्त्वावरची यंत्रे आज स्वीडनच्या पाणबुड्यांतही चालतात. वाचकहो, पेरणाऱ्याच्या हयातीत पीक हाती आले नाही, म्हणून बी खोटे ठरत नाही.