खाणीतल्या हवेचा वैद्य

जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात ग्लाउखाऊ या गावी १४९४ मध्ये गेऑर्ग बाउअर यांचा जन्म झाला. बाउअर म्हणजे शेतकरी. त्या काळच्या विद्वानांच्या रीतीप्रमाणे त्यांनी आडनावाचे लॅटिन रूप घेतले आणि जग त्यांना जॉर्जियस अ‍ॅग्रिकोला म्हणून ओळखू लागले. लाइपझिगला शिक्षण, काही वर्षे शिक्षकी आणि मग इटलीत वैद्यकाचा अभ्यास करून १५२७ मध्ये ते योआखिमस्थाल या चांदीच्या खाणींच्या गावात नगरवैद्य झाले. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे.

रुग्ण बहुतेक खाणकामगार. दम लागणे, खोकला, शरीर झिजत जाणे आणि अकाली मृत्यू. अ‍ॅग्रिकोला औषध देऊन थांबले नाहीत. खाणकामाची सगळी रीत त्यांनी समजून घेतली. पुढे केमनिट्झला राहून त्यांनी खाणशास्त्रावर बारा भागांचा ग्रंथ लिहिला. कार्पेथियन डोंगरातील खाणींच्या भागात एकामागून एक सात नवरे गमावलेल्या बायका असल्याची नोंद त्यात आहे. दोष त्यांनी धुळीला आणि कोंडलेल्या हवेला दिला. उपाय म्हणून भाते, पंखे आणि वारा खाली वळवणारी यंत्रे चित्रांसह समजावली. १५५५ मध्ये ते वारले. ग्रंथ छापून आला तो पुढच्या वर्षी.

धूळ घातक होतीच, पण आणखी एक गुन्हेगार त्यांना दिसणे शक्य नव्हते. १८७९ मध्ये त्याच डोंगररांगेतील श्नीबेर्गच्या खाणकामगारांच्या फुप्फुसात घातक गाठी होतात, हे दोन जर्मन डॉक्टरांनी दाखवले. १८९८ मध्ये क्युरी दाम्पत्याने योआखिमस्थालच्याच खनिजातून रेडियम शोधले. या रेडियमपासून सतत निर्माण होणारा किरणोत्सारी वायू म्हणजे रेडॉन. त्याला रंग नाही, वास नाही. श्वासावाटे तो आणि त्याच्यापासून बनणारे किरणोत्सारी कण फुप्फुसात जातात आणि तेथील पेशींना इजा करतात.

हा वायू खाणीपुरता नाही. जमिनीतील युरेनियममुळे तो कमी-अधिक प्रमाणात सर्वत्र असतो आणि फरशीच्या भेगांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून घरात शिरतो. तळघर, तळमजला आणि सदा बंद खोल्यांत तो साठतो. धूम्रपान करणाऱ्यांना त्याचा धोका कितीतरी अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने घरातील हवेसाठी दर घनमीटरला १०० बेकरेल ही पातळी सुचवली आहे. ती ओलांडली आहे का, हे अंदाजाने कळत नाही. त्यासाठी छोटे मापक राहत्या खोलीत, शक्यतो काही महिने, ठेवावे लागते. प्रमाण जास्त निघाले तर भेगा बुजवतात आणि फरशीखाली पाइप टाकून पंख्याने तो वायू छपराच्या वर सोडतात. खिडक्या उघडल्यानेही प्रमाण उतरते, पण त्या बंद केल्या की पुन्हा चढते.

अ‍ॅग्रिकोला यांच्याकडे मापक नव्हते, तरी कोंडलेली हवा बाहेर काढण्याचा त्यांचा उपाय योग्य होता. आज मोजण्याची सोय आहे. मोजल्याशिवाय घर सुरक्षित मानण्याचे कारण नाही.