सर जॉर्ज थॉमस

शाळा सुटल्यावर पटांगणांत दोन खांबांस दोरी बांधून तुम्ही बॅडमिंटन खेळतां. फूल दोरीच्या वरून गेलें कीं खालून, याविषयींची तुमची तकरार शिक्षकांच्या खोलीपर्यंत ऐकूं येते. अशाच तकरारी मिटविण्यासाठीं या खेळाचे पहिले नियम 1870 नंतरच्या दशकांत आपल्या पुण्याच्या छावणींतील इंग्रज अधिकाऱ्यांनीं बसविले, आणि कांहीं काळ या खेळास पूना असेंच म्हणत. पुढें इंग्लंडांत ब्यूफोर्टच्या ड्यूकच्या बॅडमिंटन नामक वाड्यावरून त्यास आजचें नांव पडलें. परंतु या खेळास जगाच्या दरबारीं मानाचें आसन मिळवून देण्यांत ज्यांचा वांटा फार मोठा, त्या गृहस्थांचें चरित्र आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

सर जॉर्ज थॉमस यांचा जन्म 14 जून 1881 रोजीं तुर्कस्तानांत कॉन्स्टँटिनोपल शहराजवळ झाला. नांवामागील सर ही पदवी त्यांनीं खेळून मिळविलेली नव्हे. ती घराण्यांतून चालत आलेली होती व ते सातवे बॅरोनेट होते. त्यांच्या मातोश्री बुद्धिबळांत निष्णात असून 1895 सालीं हेस्टिंग्ज येथें भरलेल्या स्त्रियांच्या सामन्यांत त्या पहिल्या आल्या होत्या. तेव्हां पुत्रास त्या खेळाचें बाळकडू घरींच मिळालें यांत नवल नाहीं.

बॅडमिंटनमध्यें सर्वांत मानाची समजली जाणारी ऑल इंग्लंड स्पर्धा 1899 सालीं सुरू झाली. तींत थॉमस यांनीं 1903 पासून 1928 पर्यंत एकंदर 21 विजेतेपदें मिळविलीं: दुहेरीचीं 9, मिश्र दुहेरीचीं 8 आणि एकेरीचीं 4. यांतील एकेरीचीं चार मला विशेष वाटतात. तारुण्याच्या भरांत तें पद त्यांच्या हातीं आलें नाहीं. मग महायुद्ध आलें आणि 1915 पासून पांच वर्षें स्पर्धाच भरली नाहीं. एवढा काळ गेल्यावर कोणीही रॅकेट खुंटीस टांगली असती. थॉमस यांनीं मात्र 1920 सालीं, अडतिसावें वर्ष संपावयास आलें असतां, पहिल्यानें एकेरी जिंकली व पुढें लागोपाठ तीन वर्षें ती सोडली नाहीं. चाळिशी ओलांडल्यावर जिना चढतांना कठड्याकडे हात जाऊं लागतो, हें प्रस्तुत लेखकास अनुभवानें ठाऊक आहे. म्हणून या चार विजयांचें मोल त्यास अधिक वाटतें.

टेनिसमध्येंही 1911 सालीं विंबल्डनला ते उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले होते. पण खरें आश्चर्य 1923 सालचें. त्या एकाच वर्षीं त्यांनीं ऑल इंग्लंडची एकेरी जिंकली आणि ब्रिटनचें बुद्धिबळाचें अजिंक्यपदही जिंकलें! तें पद 1934 सालीं त्यांनीं पुन्हां मिळविलें. त्या वर्षाच्या अखेरीस हेस्टिंग्जच्या सामन्यांत तर त्यांनीं माजी जगज्जेते कापाब्लांका आणि भावी जगज्जेते बोट्विनिक या दोघांस हरविलें, व पहिला क्रमांक ऑयवे आणि फ्लोर यांच्याबरोबर वांटून घेतला.

तथापि बुद्धिबळाच्या पुस्तकांत त्यांचें नांव वारंवार येतें तें एका पराभवामुळें. 1912 सालीं लंडनच्या एका क्लबांत एडवर्ड लास्कर नांवाचा तरुण खेळाडू त्यांच्यासमोर बसला. त्यानें आपला वजीर बळी दिला, आणि थॉमस यांच्या राजास एकेका घरानें ओढीत पटाच्या पार पलीकडच्या टोकास, आपल्याच मोहऱ्यांच्या गोटांत आणून अठराव्या खेळींत मात केली. भोंवतीं प्रेक्षक होते. अशा वेळीं आपल्यापैकीं बहुतेकांचें तोंड उतरतें. थॉमस यांनीं हस्तांदोलन करून त्या डावाची मनापासून तारीफ केली. लास्करला इंग्रजी येत नव्हतें. शेजारच्यानें तिचा अर्थ सांगितला, तेव्हां तो भारावून गेला व ती हकीकत त्यानें पुढें स्वतः लिहून ठेवली.

1934 सालीं नऊ देशांच्या संस्थांनीं मिळून आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन संघटना स्थापिली. थॉमस तिचे पहिले अध्यक्ष झाले व 1955 पर्यंत त्या पदावर राहिले. टेनिसमध्यें राष्ट्राराष्ट्रांत डेव्हिस चषकासाठीं सामने होत. तसे आपल्या खेळांतही व्हावेत म्हणून 1939 सालीं त्यांनीं एक चषक देऊं केला. सुमारें अठ्ठावीस इंच उंचीचा हा चषक तयार होतो न होतो तोंच दुसरें महायुद्ध पेटलें. खेळाडू रणांगणावर गेले आणि चषकास जवळजवळ दहा वर्षें विजेता मिळाला नाहीं. त्या वेळीं थॉमस साठीच्या घरांत होते. ज्या कामाची सुरुवातच होत नाहीं तें धरून बसणें किती जड जातें, याची कल्पना करून पाहावी. अखेर 1948–49 च्या हंगामांत दहा देश उतरले. इंग्लंडांत प्रेस्टन येथें अंतिम सामना झाला आणि मलायानें डेन्मार्कचा 8–1 असा पराभव केला. दात्याच्या स्वतःच्या देशास, म्हणजे इंग्लंडास, हा थॉमस चषक 2024 सालच्या स्पर्धेपर्यंत एकदांही जिंकतां आला नव्हता.

सर जॉर्ज अविवाहित राहिले. 23 जुलै 1972 रोजीं वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षीं लंडन येथें ते निवर्तले, आणि घराण्याची पदवी त्यांच्याबरोबरच संपली. पन्नास वर्षांनीं, 15 मे 2022 रोजीं, बँकॉक येथें हिंदुस्थानच्या संघानें इंडोनेशियास 3–0 असें हरवून त्यांचा चषक प्रथमच जिंकला. त्या संघांत आपल्या मुंबईचा चिराग शेट्टी होता. पुण्याच्या छावणींत नियम लिहिले गेल्यास तोंवर दीडशें वर्षें होत आलीं होतीं.