भिसे यांचा तराजू आणि चिमूटभर आयोडीन

मृग तोंडावर आला की जालन्याच्या मोंढ्यात बियाण्याच्या पाकिटांसाठी गर्दी होते. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे ‘महिको’ सुरू केली आणि पुढे हे गाव बियाण्यांचे गाव म्हणून देशभर माहीत झाले. पाकिटावर छापलेले वजन बरोबर आहे की नाही, असा प्रश्न आज कुणी दुकानदाराला विचारत नाही. यंत्राने मोजले, यंत्रानेच भरले, तोंडही यंत्रानेच बंद केले. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र सुटा माल आपोआप मोजून पुडीत भरणारे यंत्र हे संशोधकांपुढचे आव्हान होते. लंडनच्या एका नियतकालिकाने त्यासाठी स्पर्धा ठेवली होती, आणि ती जिंकली मुंबईच्या एका मराठी तरुणाने.

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म 29 एप्रिल 1867 रोजी मुंबईत झाला. शास्त्राची गोडी लहानपणापासूनची. चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी दगडी कोळशापासून गॅस तयार करण्याचे उपकरण जुळवले होते. घरच्यांना धडकी भरली असेल तर नवल नाही. इंग्लंड किंवा अमेरिकेत जाऊन संशोधक व्हायचे, हे त्यांनी मिसरूड फुटण्याच्या वयातच ठरवून टाकले.

स्पर्धेतल्या यशानंतर ते लंडनला गेले. दिनशा वाच्छांचे ओळखपत्र खिशात होते आणि तिथे दादाभाई नौरोजींचा आधार मिळाला. दुकानांवरच्या दिव्यांच्या जाहिराती, आपोआप धुतले जाणारे शौचकूप, स्वयंपाकघरातल्या लहानसहान युक्त्या. डोके चौफेर चालत होते. यातल्या बहुतेक गोष्टी आज आपल्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यांना कुणी शोध म्हणणार नाही. वजनाचेच पाहा. त्या काळी हाताशी होते तरफ, स्प्रिंग आणि वजनाचे दगड. आजच्या यंत्रात थरथरणाऱ्या तबकावरून बी पुढे सरकते, खाली एक धातूचा तुकडा डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो, त्यावर चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून वजन कळते. काम तेच राहिले, पण तरफ गेली.

भिसे यांनी खरा जीव ओतला तो छपाईच्या खिळ्यांवर. शिशाचे खिळे ओतणारी यंत्रे तेव्हा होती, पण वेग कमी. मिनिटाला बाराशे खिळे ओतण्याचे त्यांच्या यंत्राचे उद्दिष्ट होते. जाणकारांनी ते अशक्य ठरवले, भिसे यांनी करून दाखवले. पैशाने मात्र दगा दिला. ब्रिटिश समाजवादी पुढारी हाइंडमन यांनी भांडवल उभे करण्याचे मनावर घेतले होते, ते जमले नाही आणि 1907 अखेर कारभार गुंडाळावा लागला. पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांच्या मध्यस्थीने सर रतन टाटा पाठीशी उभे राहिले, 1910 मध्ये टाटा-भिसे सिंडिकेट निघाले. तेही काही वर्षांत थांबले. भिसे अमेरिकेला गेले आणि तिथे पुन्हा नव्याने कंपनी काढली. इतकी चिकाटी दुसऱ्या कुणात असती तर लोकांनी तिला हट्ट म्हटले असते. शिशाचा खिळाच एके दिवशी छापखान्यातून हद्दपार होईल, ही कल्पना मात्र त्यांच्या काळात फारशी कुणाला नव्हती. काना, मात्रा, जोडाक्षरे वेगवेगळ्या खणांतून उचलून जुळवणारे हात आधी ऑफसेटने आणि मग संगणकाने रिकामे केले.

आरोग्याच्या सदरात भिसे यांची आठवण काढण्याचे कारण वेगळे आहे. त्यांनी आयोडीनचे एक औषध तयार केले. ते ‘ॲटोमिडीन’ नावाने अमेरिकेत विकले गेले आणि या औषधाने त्यांना यंत्रांपेक्षा जास्त हात दिला. आयोडीन हे अनेक दुखण्यांवरचे औषध ठरेल, अशी त्या काळी मोठी आशा होती. प्रतिजैविके अजून यायची होती, त्यामुळे ही आशा समजण्यासारखी आहे.

आयोडीन घराघरांत आले खरे, पण वेगळ्या वाटेने. स्वित्झर्लंडमध्ये 1922 च्या सुमारास आणि अमेरिकेत 1924 मध्ये ते मिठात मिसळून विकले जाऊ लागले. भारतात 1962 मध्ये गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, म्हणजे ग्रॅमचा सहा हजारावा हिस्सादेखील नाही. गरोदरपणी गरज वाढते. त्या वेळी कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. उलट, ताकदीसाठी किंवा वजन उतरवायला म्हणून आयोडीनचे थेंब आपल्या मनाने घेतले तर थायरॉइड ग्रंथी बिघडू शकते, कधी मंदावते, कधी भडकते. जखमेवर लावायचे तपकिरी आयोडीन तर पोटात घ्यायचे नाहीच. मीठ बंद बरणीत, ओलीपासून दूर ठेवले की त्यातले आयोडीन टिकते. आपल्याकडे चुलीशेजारी उघडे ठेवायची सवय आहे, ती मोडावी.

भिसे 1930 मध्ये थॉमस एडिसनला भेटले. तोवर अमेरिकी वृत्तपत्रे त्यांना भारतीय एडिसन म्हणू लागली होती. 7 एप्रिल 1935 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर सुमारे 40 पेटंट होती.