रणभूमीवरील मादाम क्यूरी

नोव्हेंबरची ७ तारीख हा मादाम क्यूरी यांचा जन्मदिवस. ८ नोव्हेंबर हा विल्हेल्म रंटगेन यांना १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला तो दिवस. दिनदर्शिकेतील हे शेजारपण केवळ योगायोगाचे असले, तरी या दोन नावांची खरी सांगड पहिल्या महायुद्धाच्या धुमाळीत पडली. रेडियमचा शोध आणि दोन नोबेल पारितोषिके एवढ्यावर मादाम क्यूरींची ओळख बहुधा संपते. या विदुषीने ऐन कर्तृत्वाच्या काळातील चार वर्षे जखमी सैनिकांच्या शरीरात रुतलेल्या गोळ्या शोधण्यात वेचली, याचे स्मरण मात्र क्वचितच केले जाते. वास्तविक त्यांच्या चरित्रातील आजच्या समाजाला अधिक उपयोगी पडणारा भाग हाच आहे.

१८६७ साली वॉर्सा येथे एका शिक्षकाच्या घरी जन्मलेल्या मारिया स्क्लोडोव्स्का यांचे बालपण परसत्तेखाली गेले. पोलंडचा तो भाग तेव्हा रशियाच्या टाचेखाली होता आणि तेथील विद्यापीठाचे दार स्त्रियांना बंद होते. परक्या घरी मुलांना शिकवून त्यांनी थोरल्या बहिणीच्या वैद्यकीय शिक्षणाला पैसा पुरविला, आणि १८९१ साली स्वतः पॅरिस गाठले. १८९५ साली प्येर क्यूरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८९८ साली या दांपत्याने पोलोनियम व रेडियम या मूलद्रव्यांचा शोध जाहीर केला. १९०३ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. १९०६ साली रस्त्यावरील अपघातात प्येर यांचा अंत झाला. पतीच्या जागी सॉर्बोनमध्ये त्या शिकवू लागल्या आणि १९११ साली रसायनशास्त्राचे नोबेलही त्यांना लाभले. त्याच वर्षी फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व नाकारले आणि वृत्तपत्रांनी त्यांच्या खाजगी जीवनावर चिखलफेक केली. ज्या देशाने असे वागविले, त्याच देशावर १९१४ साली संकट कोसळताच त्या मदतीस धावल्या, ही गोष्ट त्यांच्या स्वभावाची साक्ष देते.

युद्ध सुरू झाले तेव्हा क्ष-किरण काही नवे राहिले नव्हते. १८९७-९८ मध्ये आपल्याच उपखंडाच्या वायव्य सरहद्दीवरील तिराह मोहिमेत ब्रिटिश सैन्याच्या एका शल्यवैद्याने क्ष-किरण यंत्र नेऊन जखमींची तपासणी केली होती. परंतु १९१४ च्या फ्रान्समध्ये ही यंत्रे मोठ्या शहरांतील रुग्णालयांत होती आणि जखमी पडत होते ते दूरच्या खंदकांत. शल्यवैद्य गोळीच्या शोधात अंदाजाने चिरफाड करीत. गोळी सापडण्याआधीच कित्येकांची शक्ती संपे, कित्येकांचा हात किंवा पाय कापावा लागे. जखमीला यंत्रापर्यंत नेण्यात वेळ जातो आणि त्या वेळेतच तो दगावतो, हे मादाम क्यूरींनी हेरले. तेव्हा यंत्रानेच जखमीकडे गेले पाहिजे, असा सरळ निष्कर्ष त्यांनी काढला.

रेडक्रॉसच्या क्ष-किरण सेवेची सूत्रे त्यांच्याकडे आली. देणगीदारांकडून मोटारी मागून घेऊन त्यांनी प्रत्येकीत एक डायनामो, क्ष-किरण नलिका, घडीचे मेज आणि काळे पडदे बसविले. मोटारीच्या इंजिनावरच डायनामो फिरे, त्यामुळे वीज नसलेल्या खेड्यातही काम चाले. सैनिकांनी या गाड्यांना प्रेमाने छोट्या क्यूरी असे नाव दिले. अशा सुमारे २० गाड्या आणि रुग्णालयांतील सुमारे २०० स्थायी क्ष-किरण कक्ष त्यांच्या प्रयत्नाने उभे राहिले. या सर्वांच्या साहाय्याने १० लाखांहून अधिक जखमींची तपासणी झाली, असा अंदाज आहे. मोटार हाकणे, ती बिघडल्यास दुरुस्त करणे आणि शरीररचनेचे ज्ञान या साऱ्या गोष्टी वयाच्या सत्तेचाळिशीनंतर त्यांनी नव्याने शिकून घेतल्या. सतरा वर्षांची कन्या आयरीन त्यांच्यासोबत आघाडीवर वावरत होती.

तथापि त्यांची खरी दूरदृष्टी गाड्यांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीत दिसते. यंत्र विकत घेता येते, ते चालविणारा हात आणि छायाचित्र वाचणारी दृष्टी विकत मिळत नाही. एकाच छायाचित्रावरून गोळी शरीरात कोठे आहे हे कळले, तरी ती किती खोल आहे ते कळत नाही. त्यासाठी नलिका हलवून दुसरे चित्र घ्यावे लागते आणि दोन छायांमधील अंतरावरून भूमितीच्या आधारे खोली काढावी लागते. हे काम जाणणारी माणसे नव्हती. म्हणून १९१६ पासून त्यांनी स्त्रियांसाठी प्रशिक्षणवर्ग चालविला आणि सुमारे १५० जणी तयार केल्या. भूमिती, वीज, शरीररचना आणि प्रत्यक्ष सराव असा तो अभ्यासक्रम होता. थोड्या महिन्यांत सामान्य शिक्षण घेतलेल्या मुलीही हे काम चोख करू लागल्या.

या सेवेची किंमत त्यांनी स्वतःच्या देहाने चुकविली. किरणांपासून संरक्षणाची साधने त्या काळी अपुरी होती. ४ जुलै १९३४ रोजी रक्तनिर्मिती थांबविणाऱ्या व्याधीने त्यांचे निधन झाले. त्याचा दोष दीर्घकाळ रेडियमला दिला गेला. परंतु १९९५ साली त्यांचे अवशेष पॅरिसच्या पांथेऑनमध्ये हलविताना तपासणी झाली, तेव्हा त्यांत रेडियमचे प्रमाण अपेक्षेहून कमी आढळले. युद्धकाळातील क्ष-किरणांचा मारा हेच आजाराचे कारण असण्याचा संभव अधिक, असे मत त्यावर फ्रेंच तज्ज्ञांनी व्यक्त केले. आज क्ष-किरण कक्षात शिशाचे आवरण असते आणि कर्मचाऱ्याच्या छातीवर किरणमापक बिल्ला असतो. त्यामागे अशा अनेकांचे बलिदान आहे.

अमरावती-अकोल्याच्या वाचकाला हे चरित्र दूरचे वाटण्याचे कारण नाही. वऱ्हाडातील खेड्यापाड्यांतूनही तरुण सैन्यात जातात आणि सेवा संपवून गावी परततात. युद्ध संपले म्हणून सैनिकाच्या देहातील युद्ध संपत नाही. स्फोटाचा एखादा कण मांसात तसाच राहतो, जुना अस्थिभंग उतारवयात ठणकू लागतो. चुंबकीय अनुनादाने शरीराचे चित्र घेणाऱ्या आजच्या यंत्रात अशा रुग्णाला ठेवण्यापूर्वी तो कण नेमका कोठे आहे हे साध्या क्ष-किरण चित्रावरून पाहावे लागते, कारण त्या प्रबळ चुंबकाने लोखंडी कण जागचा हलला तर इजा होऊ शकते. रुग्णाला जुनी जखम आठवतेच असे नाही. ती विचारून काढणारा आणि छायेतून ओळखणारा क्ष-किरणतज्ज्ञ असावा लागतो. रुग्ण त्याचे तोंडही पाहत नाही, आभार मानतो ते शल्यवैद्याचे. पण शल्यवैद्याचा चाकू चालतो तो या अनाम माणसाच्या अहवालावर.

माजी सैनिकांसाठी केंद्र सरकारने २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना सुरू केली, ती स्वागतार्हच होय. अमरावतीचे इर्विन रुग्णालय आणि अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय हे या भागातील सर्वसामान्यांचे आधार आहेत. परंतु अकोट-तेल्हाऱ्याच्या किंवा दर्यापूरच्या वृद्ध सैनिकाला एका तपासणीसाठी जिल्ह्याचे ठिकाण गाठावे लागत असेल, आणि धारणीच्या रुग्णाला मेळघाटाचा घाट उतरून परतवाड्यावरून अमरावतीस यावे लागत असेल, तर १९१४ सालचा प्रश्न अजून सुटलेला नाही असेच म्हणावे लागते. छायाचित्र आता तारेवरून क्षणात दूरच्या तज्ज्ञाकडे पाठविता येते. त्यामुळे तालुक्याच्या गावी यंत्र आणि ते काळजीपूर्वक चालविणारा प्रशिक्षित तंत्रज्ञ असला, तर तज्ज्ञाची दृष्टी तेथवर पोहोचू शकते. यंत्राच्या खरेदीची घोषणा होते, उद्घाटनाची फीत कापली जाते, पण माणूस नेमण्याच्या प्रश्नावर शासनाची लेखणी अडखळते. मादाम क्यूरींनी मात्र गाड्यांपाठोपाठ लगेच माणसे घडविण्यास हात घातला होता.

शाळा-महाविद्यालयांतून त्यांची जयंती साजरी होते तेव्हा रेडियमची कहाणी अवश्य सांगावी. तिच्या जोडीला त्या मोटारीची आणि त्या दीडशे मुलींचीही सांगावी. विज्ञानाची थोरवी प्रयोगशाळेत सिद्ध होते, परंतु त्याची कसोटी लागते ती सर्वांत दूर पडलेल्या जखमी माणसापर्यंत ते पोहोचते की नाही, यावरच.