टरफलांचा किमयागार

परवा बडोद्याहून वापीस उतरून सिल्वासाला भाच्याकडे जाण्याचा योग आला. तो रंगांच्या धंद्यातला. काजूच्या टरफलात कातडी भाजणारे जे काळपट तेल असते, त्यापासून रंग, राळ आणि मोटारींच्या ब्रेकचे अस्तर बनते, हे त्याने मला समजावून दिले. टरफल म्हटले की आपल्या घरांत लोकमान्यांच्या वर्गातली गोष्ट निघते. मला मात्र जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आठवले. वीणा गवाणकरांच्या १९८१ सालच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे ते मराठी घरांतलेच झाले आहेत.

हा मनुष्य १८६४ च्या सुमारास मिसुरी प्रांतात गुलाम मातेच्या पोटी जन्मला. लुटारूंनी माता पळविली ती कायमची. तान्हे पोर तेवढे मालकाने एक घोडा देऊन सोडविले, असे सांगतात. पुढे प्रवेश मिळालेल्या एका कॉलेजाने काळा वर्ण पाहताच दार लावून घेतले. तरीही १८९६ साली त्यांनी आयोवात शेतकीची वरची पदवी घेतली आणि बुकर वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून ते टस्कीगीस गेले. तेथे प्रयोगशाळाच नव्हती! उकिरड्यावरच्या बाटल्या आणि फुटके दिवे वेचून त्यांनी ती उभी केली.

भोवतालची जमीन कापसाने खंगलेली, शेतकरी कर्जात बुडालेला. भुईमुगाच्या मुळांवरील गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, म्हणून कार्व्हरांनी भुईमूग लावावयास सांगितले. पण पीक वाढले तर ते खपायचे कोठे? या काळजीतून त्यांचे प्रयोग निघाले. १९१६ च्या पुस्तिकेत दाण्याचे १०५ खाद्यप्रकार आले. पुढे दूध, शाई, रंग झाले. टरफलेही त्यांनी फेकली नाहीत, त्यांचे भिंतीला लावायचे तक्ते केले.

भाबडेपणाने बोलू नये, म्हणून सांगतो. शेंगदाण्याचे लोणी त्यांनी शोधले, हा समज चुकीचा आहे. शेकडो पदार्थांपैकी फार थोडे कारखान्यात पोचले. पेटंटे घेतली ती तीनच, १९२५ ते १९२७ च्या दरम्यान. माझ्या मते त्यांचे खरे काम शेताच्या बांधावरचे. घोड्याच्या गाडीत अवजारे घालून खेडोपाडी शिकवण देण्याची योजना त्यांनी १९०६ साली आखली, ती मला त्या साऱ्या पदार्थांहून मोठी वाटते.

५ जानेवारी १९४३ रोजी ते वारले. आयुष्याची शिल्लक, सुमारे साठ हजार डॉलर, त्यांनी संशोधनासाठी ठेवली होती. भाच्याला यातले काहीच ठाऊक नव्हते. घरी येताच ते पुस्तक मी त्याला टपालाने धाडले.