गच्चीवर न जाता इमारतीची उंची कशी मोजायची? भास्कराचार्यांचे गणित समजून घ्या

जळगाव : पिंप्राळ्यातील एखादे अपार्टमेंट असो की महापालिकेची सतरा मजली इमारत, तिची उंची जमिनीवर उभे राहून काढता येते. हा हिशेब भास्कराचार्यांनी पावणेनऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवला आहे.

कोण होते भास्कराचार्य?
जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. त्यांचे गाव सह्याद्रीतील विज्जडविड. हे गाव म्हणजे चाळीसगावजवळचे पाटण, असे अनेक अभ्यासक मानतात. काही जण विजापूरचे नाव घेतात. वयाच्या ३६व्या वर्षी त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' पूर्ण केला. 'लीलावती' हा त्यातलाच अंकगणिताचा भाग. 'करणकुतूहल' लिहिला तेव्हा ते सत्तरीला टेकले होते.

सावलीवरून उंची कशी?
'लीलावती'त सावलीच्या गणिताचे स्वतंत्र प्रकरण आहे. मापाला शंकू, म्हणजे सरळ उभी काठी. समजा, १ मीटर काठीची सावली अर्धा मीटर पडली आणि त्याच वेळी इमारतीची सावली २५ मीटर भरली, तर उंची ५० मीटर. हे साधे त्रैराशिक. मात्र जमीन सपाट हवी आणि दोन्ही मापे एकाच वेळी घ्यायला हवीत.

सावलीच नसेल तर?
मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जळगावात भर दुपारी सूर्य डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. अशा वेळी उपयोगी पडते 'सिद्धांतशिरोमणी'तील धीयंत्र. नाव यंत्राचे, पण हातात फक्त काठी! काठीच्या टोकाशी डोळा लावून बांबूचा बुंधा आणि शेंडा पाहायचा व त्यावरून अंतर आणि उंची काढायची. बुंध्यापर्यंत जाता येत नसेल, तर दोन ठिकाणांहून शेंडा पाहायचा. बुद्धी हेच सर्वांत मोठे यंत्र, अशी त्यांची भूमिका होती.

पुढे काय झाले?
मुलगा लक्ष्मीधर यादवांच्या दरबारी गेला. नातू चांगदेव सिंघण राजाचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला आणि स्थानिक निकुंभ राजांनी त्याला दान दिले. इ.स. १२०७च्या सुमाराचा पाटणचा शिलालेख हे सांगतो. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. मठ आता उरलेला नाही. भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ मात्र त्या लेखामुळेच आपल्या हाती आहे.