नाटकवेडे अण्णासाहेब

सन १८४३ हे वर्ष मराठी रंगभूमीच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी सांगली येथे विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ या नाटकाचा प्रयोग करून मराठी नाटकाचा पाया घातला; आणि त्याच वर्षी मार्च महिन्याच्या ३१ तारखेस बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी बळवंत पांडुरंग किर्लोस्कर यांचा जन्म झाला. पुढे साऱ्या महाराष्ट्राने ज्यांना अण्णासाहेब या नावाने ओळखले, तेच हे बळवंतराव.

गुर्लहोसूर हे कानडी मुलखातील गाव. त्यामुळे मराठी व कानडी या दोन्ही भाषा बळवंतरावांच्या कानांवर लहानपणापासून पडत होत्या. संस्कृत काव्याचीही त्यांस गोडी लागली. प्रारंभीचे शिक्षण आटोपल्यावर १८६३ च्या सुमारास ते पुढील विद्याभ्यासासाठी पुण्यास आले. त्या काळी इंग्रजी विद्या संपादन करणे म्हणजे चांगल्या नोकरीचा मार्ग मोकळा होणे, अशी सर्वांची समजूत असे. बळवंतरावांचे पाय मात्र शाळेपेक्षा नाटकाच्या मांडवाकडे अधिक वळू लागले.

त्या वेळची नाटके आजच्यासारखी नसत. गावोगाव हिंडणाऱ्या नाटकमंडळ्या पुराणांतील कथांवर खेळ करीत. आरंभी सूत्रधार मंगलाचरण गाई. मग विदूषक येऊन लोकांना हसवी. गजानन व सरस्वती रंगभूमीवर अवतरत. आणि राक्षस आरडाओरडा करीत आले की लहान मुलांची घाबरगुंडी उडे. सगळी पदे सूत्रधारानेच म्हणायची आणि पात्रांनी त्यांच्या अनुरोधाने आयत्या वेळी सुचेल ते बोलायचे, अशी रीत होती. दुःख सीतेचे असले, तरी ते गाऊन दाखवीत असे सूत्रधार!

नाटकांचा हा नाद बळवंतरावांस असा काही लागला, की ते नुसते पाहण्यावर तृप्त होईनात. पद्यरचना त्यांना सहज साधे. नाटकमंडळ्यांना ते पदे रचून देऊ लागले. खेळात काय रंगते, काय पडते आणि कोणती चाल प्रेक्षकांस डोलावयास लावते, हे ते मनात साठवीत होते. पण या साऱ्यात अभ्यास मागे पडला. ज्यासाठी ते पुण्यास आले होते, ते शिक्षण पुरे झाले नाही, ते नाहीच. घरच्या माणसांच्या दृष्टीने हा मुलगा वाया गेला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे त्यांनी स्वतःची एक नाटकमंडळी काढून पाहिली; तीही टिकली नाही. तेव्हा पोटासाठी नोकरी पत्करणे भाग पडले. काही काळ त्यांनी बेळगाव येथे शिक्षकाचे काम केले. तेथे गोविंद बल्लाळ देवल हा विद्यार्थी त्यांना लाभला. पुढे ‘शारदा’ हे नाटक लिहून कीर्ती मिळविणारे नाटककार देवल ते हेच. त्यानंतर अण्णासाहेब सरकारच्या महसूल खात्यातील कचेरीत काम करू लागले. दिवसभर कागदपत्रे हाताळावीत आणि उरलेल्या वेळी नाटकाचा विचार करावा, असा त्यांचा क्रम असे. १८७३ साली त्यांनी आद्य शंकराचार्यांच्या चरित्रावर ‘शांकरदिग्जय’ नावाचे गद्य नाटक लिहिले. तरीही मनाजोगते काही साधले, असे त्यांस वाटेना. चाळिशी जवळ येत चालली होती.

अशा स्थितीत १८८० साली पुण्यास एका पारशी नाटकमंडळीने ‘इंद्रसभा’ या उर्दू नाटकाचे खेळ केले. त्यात पऱ्या होत्या, दिपवून टाकणारे पोशाख होते आणि मुख्य म्हणजे पुष्कळ गाणी होती. पुणेकरांनी नाटक पाहिले, वाहवा केली आणि ते आपापल्या घरी गेले. अण्णासाहेबांच्या मनातून मात्र ते नाटक जाईना. असे गाण्याने भरलेले नाटक मराठीत का असू नये, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. गाणी हवीत, पण ती पात्रांच्या मुखी शोभणारी हवीत आणि कथाही तितकीच थोर हवी, असे त्यांनी ठरविले. त्यांची दृष्टी कालिदासाच्या ‘शाकुंतला’वर स्थिरावली. लहानपणी लागलेली संस्कृताची गोडी आता कामी आली. शाळेतील परीक्षा हुकल्या होत्या, तरी मनापासून केलेले वाचन वाया गेले नव्हते.

काम सोपे नव्हते. मूळ श्लोकांतील भाव न सांडता सुमारे दोनशे पदे रचावयाची होती. त्यांच्यासाठी चाली आणावयाच्या कोठून? येथे वीस वर्षांचे ऐकणे त्यांच्या मदतीस धावून आले. कीर्तनातील साकी व दिंडी, स्त्रियांच्या ओव्या, लावणीचा ठेका, कानडी पदांच्या चाली आणि रागदारीतील चिजा, असा मोठा साठा त्यांच्यापाशी होता. त्यांतून त्यांनी प्रत्येक पदास साजेशी चाल निवडली. गाता येते आणि अभिनयही साधतो, अशी माणसे मिळविणे हे दुसरे कठीण काम. मोरोबा वाघोलीकर व बाळकोबा नाटेकर यांच्यासारखे गुणी गायक त्यांना लाभले. सूत्रधाराची भूमिका अण्णासाहेबांनी स्वतःकडे ठेवली. कचेरीतील नोकरी सांभाळून हे सारे चालले होते.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला. त्या रात्री पहिले चारच अंक दाखविण्यात आले. चौथ्या अंकात शकुंतला सासरी जावयास निघते आणि कण्व ऋषींचा कंठ दाटून येतो. आता ते दुःख सांगण्यासाठी सूत्रधाराची गरज उरली नव्हती. ज्याचे दुःख तोच ते गात होता. भाषणेही आयत्या वेळची नव्हती; ती लिहून बसविलेली होती. नाटक म्हणजे हलकी करमणूक असे मानणारी शिकलेली मंडळीही या नाटकाने मोहून गेली. पुढे उरलेले अंकही रंगभूमीवर आले आणि किर्लोस्कर नाटकमंडळीचे नाव सर्वतोमुखी झाले.

दोनच वर्षांनी, १८ नोव्हेंबर १८८२ रोजी, ‘संगीत सौभद्रा’चे पहिले तीन अंक पुण्यास रंगभूमीवर आले. हे नाटक भाषांतर नव्हते. सुभद्रेचे मन अर्जुनावर जडलेले, बलरामाने तिला दुर्योधनास देण्याचे योजिलेले आणि कृष्णाने गोड कारस्थान करून सारे जुळवून आणलेले, अशी ही कथा. पात्रे पुराणातील खरी. पण त्यांचे रुसवेफुगवे व लाडीगोडी आपल्याच घरातली वाटे. बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर सुभद्रेची भूमिका करीत, तेव्हा त्यांच्या गोड व पल्लेदार आवाजाने प्रेक्षक भारावून जात.

‘रामराज्यवियोग’ हे तिसरे नाटक मात्र अपुरेच राहिले. २ नोव्हेंबर १८८५ रोजी गुर्लहोसूर येथेच अण्णासाहेबांचे निधन झाले. त्यांना अवघे बेचाळीस वर्षांचे आयुष्य लाभले आणि त्यांतील शेवटची पाचच वर्षे यशाची होती.

ती पाच वर्षे मराठी रंगभूमीला पुढे कितीतरी वर्षे पुरली. त्यांच्या मागे मंडळीने प्रयोग चालू ठेवले. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस नावाचा मुलगा याच मंडळीत आला आणि बालगंधर्व म्हणून अमर झाला. ‘सौभद्रा’चे प्रयोग तर आजही होतात.

मुलांनो, अण्णासाहेबांनी अभ्यास सोडला, म्हणून ते मोठे झाले असे मात्र समजू नका. नाटके पाहणारे त्यांच्या काळी हजारो होते. त्यांतील बहुतेकांची आवड खेळ संपताच मांडवात राही. अण्णासाहेबांनी ती आपल्याबरोबर घरी नेली, वीस वर्षे जपली आणि अपयश आले तरी तिच्यासाठी कष्ट करण्याचे सोडले नाही. म्हणूनच एका प्रेक्षकाचे वेड पुढे साऱ्या महाराष्ट्राचे गाणे झाले.